तुरटीचं पाणी

पोहण्याच्या तलावात खोल बाजूच्या तळाला स्टीलची एक जाळी होती आणि तिला चौऱ्याऐंशी भोकं होती. हा आकडा ठाऊक असणारा माणूस एकच. रोज सकाळी पोहणाऱ्यांची पहिली तुकडी यायच्या आधी तो काठावर उकिडवा बसायचा आणि नऊ फूट पाण्यातून ती भोकं मोजायचा. चौऱ्याऐंशी भरली की उठायचा. सत्तरीत अडखळला तर वाऱ्याने धूळ आणून टाकलेली असायची. पन्नाशीत अडखळला तर फिल्टरची वाळू तुंबलेली असायची. नळ्या, औषधं, नोंदवही हे सगळं नंतर. आधी भोकं.

लोक त्याला तुरटी म्हणत. सत्तावीस वर्षं तो त्या तलावाचं पाणी निवळत आला होता म्हणून, आणि त्याच्याशी दोन शब्द बोलणाऱ्याचं तोंड वाकडं व्हायचं म्हणूनही. पाय न धुता आलेल्याला तो दारातूनच परत पाठवायचा. एकदा संस्थेच्या अध्यक्षांना पाठवलं होतं. अंगाला तेल लावून आलेल्या एका जाड्या वकिलाला त्याने विचारलं होतं, "पोहायला आलात की तळायला?" वकील चिडला, पण साबण लावून परत आला. तुरटीवर चिडून काही उपयोग नसायचा. पाणी त्याच्या बाजूने होतं.

तरुणपणी तो कापड रंगवण्याच्या कारखान्यात होता. तिथे त्याचं काम म्हणजे नमुन्याच्या चिंधीशी ताग्याचा रंग जुळवणं. भल्याभल्यांना जे दोन तागे सारखे वाटत त्यांतला एक तो बोटाने बाजूला सारायचा आणि म्हणायचा, "हा आजारी आहे." कारखाना बंद पडला, पण नजर शाबूत होती, आणि तलावाला नेमकी नजरच हवी होती. नळीत तलावाचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, की पाणी गुलाबी होतं. शेजारच्या पट्टीवर गुलाबीच्या सहा छटा. जितकी गडद छटा, तितकं क्लोरीन जास्त. इतरांना पट्टी लागायची. तुरटी नळी नुसती उजेडाकडे धरायचा आणि आकडा सांगायचा.

त्याचा मेहुणा सगळ्याच बाबतींत उलटा. त्याला सगळे मासा म्हणत. पाण्यात उतरला की हातपाय मारताना दिसायचाच नाही, नुसता सरकायचा. जमिनीवरही तसाच, कुणाच्या अंगाला न लागता सगळ्यांत मिसळलेला. बायकोचा हा धाकटा भाऊ तेरा वर्षांचा असताना त्यांच्याकडे आला, कारण त्याला जायला दुसरं घर उरलं नव्हतं. तुरटीला स्वतःचं मूल नव्हतं. पोटच्या पोरासारखं वाढवलं हो तुम्ही, असं कुणी म्हटलं की तो म्हणायचा, "तिसरं ताट लागलं, एवढंच." आठ वर्षांपूर्वी त्याने संस्थेत शब्द टाकून मेहुण्याला दुपारच्या पाळीवर लावून घेतलं. आयुष्यात त्याने कुणासाठी टाकलेला तो एकच शब्द.

"क्लोरीन म्हणजे भित्रा पाहुणा," पहिल्या दिवशी त्याने मेहुण्याला सांगितलं होतं. "ऊन चढलं की निघाला. त्याला बांधून ठेवता येत नाही. दर दोन तासांनी बघायचं, आणि जेवढं गेलं तेवढंच परत आणायचं. पावडर बादलीत विरघळवायची आणि काठाकाठाने ओतत फिरायचं. जास्त पडली तर पोरांचे डोळे जळतील, कमी पडली तर शेवाळ धरेल."

"आणि जेवायचं कधी, भावोजी?"

"दोन तासांच्या मधे."

"झोपायचं?"

"घरी."

"म्हणजे लग्न माझं पाण्याशीच लावलंत."

"ताईला विचार. माझंही तेच झालंय असं ती म्हणते."

बाजारात गोळ्याही मिळत. चपट्या, पांढऱ्या, तळहाताएवढ्या. तरंगत्या डब्यात भरून सोडल्या की आठवडाभर आपोआप विरघळत राहतात. त्या पाण्याला आंबटही करतात, आणि त्यांत क्लोरीनबरोबर आणखी एक पदार्थ असतो. तो क्लोरीनवर पांघरूण घालतो, ऊन लागू देत नाही. थोडा असला तर चांगलाच. पण क्लोरीन खर्चून जातं आणि हा जात नाही. गोळीमागून गोळी तो पाण्यात साठत राहतो, आणि शेवटी पांघरूण इतकं जड होतं की खालचं क्लोरीन हलूच शकत नाही. नळीत ते दिसतं, पट्टीवर आकडा बरोबर येतो, आणि पाण्यात घाण वाढत जाते. मग एकच इलाज, पाणी सोडून द्यायचं. म्हणून तुरटीने आपल्या तलावात एकही गोळी पडू दिली नव्हती. पाण्याला खोटं बोलायला शिकवणारी वस्तू, असं तो तिच्याबद्दल म्हणायचा.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्याची भोकं साठालाच संपली. त्याने फिल्टर धुतला, पाणी उलटं फिरवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला. पुन्हा साठ. दुपारी मासा आला तेव्हा सहज विचारल्यासारखं म्हणाला, "जाळीची भोकं मोज रे. बघू कितपत नजर आहे तुझी."

माशाने मोजली. वेळ घेतला, पण चौऱ्याऐंशी म्हणाला.

त्या संध्याकाळी तुरटीने बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तो पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, "गुलाबी मला पिवळट दिसतो."

ती थांबली. "कधीपासून?"

"कळलं आज. असेल बरेच दिवस."

"डॉक्टरांना दाखवा."

"दाखवलं की कागद येणार. कागद आला की संस्थेत जाणार. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. ती काढतो कशीतरी."

"कशी काढणार? नळी कोण वाचणार?"

"तुझा भाऊ."

तिने चादरीची घडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली. मग तो म्हणाला, "त्याला मात्र सांगू नकोस. मी सांगेन, तुझी नजर तयार करतोय म्हणून." ती बरं म्हणाली.

तेव्हापासून पाळी बदलताना दुपारी एक वाजता दोघं पंपाच्या खोलीत उभे राहत. तुरटी नळी भरायचा, मासा छटा बघून आकडा सांगायचा, तुरटी शिक्षकासारखी मान हलवायचा आणि नोंदवहीत लिहायचा. सकाळचा आकडा तो कालच्या अंदाजाने आणि पाण्याच्या वासावरून लिहायचा. सत्तावीस वर्षांचं नाक होतं ते, फारसं चुकायचं नाही. पावडर, सोडा, औषधं आणायला दुकानात संस्थेच्या चिठ्ठ्या चालत आणि चिठ्ठीवर सही तुरटीचीच लागे. दुपारच्या पाळीत काही संपलं तर अडायला नको म्हणून तो कोऱ्या चिठ्ठ्यांवर आधीच सह्या करून खणात ठेवायचा. आठ वर्षं ठेवत होता. घरच्या माणसावर विश्वास ठेवतोय असंही त्याच्या मनात नव्हतं. विश्वास वेगळा काढून ठेवावा लागतो तेव्हाच तो माणसाला दिसतो.

उन्हाळा आला. दर उन्हाळ्यात दुपारी निम्म्यावर येणारं क्लोरीन या वर्षी जागचं हललं नाही. एक वाजता आकडा दोन, तीन वाजता दोन, संध्याकाळी पावणेदोन. नोंदवहीतले माशाचे आकडे एका रांगेत उभे होते. तुरटीने संस्थेच्या चिटणिसांना आपणहून सांगितलं, "आमच्या मेहुण्याच्या हाताला गुण आहे, साहेब. क्लोरीन इतकं स्थिर मलाही कधी जमलं नव्हतं." चिटणिसांनी नवलाने पाहिलं. तुरटीच्या तोंडून कौतुक त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं होतं. पाणी आंबट होतंय, ते मोडायला सोडा दुप्पट लागतोय, हे तुरटीच्या लक्षात आलं होतं, पण त्याने ते नव्या सोड्यावर ढकललं.

मग पाणी धुरकट दिसू लागलं. भोकं पन्नास झाली, तीस झाली, आणि एका सकाळी जाळीच्या जागी नुसता एक करडा डाग उरला. दुसरा कुणी असता तर पंपाच्या खोलीकडे धावला असता. तुरटी काठावर बसून राहिला. त्याला वाटलं, डोळे आणखी बिघडले.

"पाणी कसं आहे रे?" त्याने दुपारी विचारलं.

"काचेसारखं, भावोजी."

"जाळी दिसते?"

"भोकंसुद्धा. मोजू?"

"नको."

असे पंधरा दिवस गेले. पंधरा दिवस एक माणूस दुधाळ होत चाललेल्या पाण्याकडे बघत होता आणि स्वतःच्या डोळ्यांना दोष देत होता. शेवटी सकाळच्या तुकडीला शिकवणारी बाई काठाशी आली. छातीएवढ्या पाण्यात उभी राहून ती म्हणाली, "काका, मला माझे पाय दिसत नाहीयेत. एखादी पोरगी बुडी मारून वर आलीच नाही, तर मी तिला शोधू कुठे?"

"तुम्हाला दिसत नाहीत?" तुरटीने विचारलं.

"कुणालाच दिसत नाहीत. तुम्हाला दिसतायत का?"

त्या क्षणी त्याला जे वाटलं त्याला सुटका म्हणावं असं काहीतरी होतं. दोष डोळ्यांचा नव्हता, पाण्याचा होता. आणि मग लगेच दुसरी गोष्ट डोक्यात आली. मग मासा काचेसारखं का म्हणत होता?

तलाव त्याच दिवशी बंद झाला. चिटणीस पंपाच्या खोलीत आले, नाकाला रुमाल लावून. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा.

"शनिवारी समितीची बैठक आहे," ते म्हणाले. "पाणी का बिघडलं ते मोघम नको, नीट कारणासकट सांगायचं. बाहेरच्या कंपनीला तलाव चालवायला द्यावा असं चौघांचं मत आहे. मी आजवर तुमच्या नावावर ते थोपवलंय. आता तुमचं नावच गढूळ झालं तर मी काय थोपवू?"

"कारण शोधतो, साहेब."

"शोधा. सापडलं नाही तर तुम्हीच कारण."

पाच दिवस तुरटीने जे जे येत होतं ते सगळं केलं. फिल्टरची वाळू उलटी धुतली, वरचा थर बदलला. मासा समोर उभा असताना एका दमात दहापट क्लोरीन घातलं. पाणी जसंच्या तसं. गाळ धरून खाली बसवणारं औषध घातलं, रात्रभर पंप बंद ठेवला, सकाळी तळाचा गाळ नळीने ओढून थेट गटारात सोडला. त्या सकाळी पाणी निवळल्यासारखं झालं. शिकवणाऱ्या बाईने भोकं मोजून चौऱ्याऐंशी सांगितली. पण दुपार कलताना ते पुन्हा दुधाळलं, दुखणं बरं झाल्याचं सोंग करून पुन्हा अंथरूण धरणाऱ्या म्हाताऱ्यासारखं. आणि या सगळ्यात क्लोरीनचा आकडा बरोबर. पीएच बरोबर. जे जे मोजत होते ते सगळं बरोबर होतं.

जे कधी मोजलं नव्हतं असं एकच उरलं होतं. गुरुवारी तो औषधांच्या दुकानात गेला.

"त्या पांघरूणवाल्या पदार्थाची तपासणी आहे का तुमच्याकडे?"

दुकानदाराने फळीवरून एक डबी काढली, फुंकर मारली. "ही घ्या. आता हवीच तुम्हाला. एवढ्या गोळ्या वापरताय म्हटल्यावर अधूनमधून बघायला पाहिजे."

"कोण वापरतं गोळ्या?"

"म्हणजे? तुम्हीच की. हिवाळ्यापासून बादल्यांवर बादल्या जातायत. मी तर तुमच्या मेहुण्याला चेष्टेने म्हटलं, तुरटी शेवटी विरघळली म्हणायची." दुकानदार हसला आणि मग हसायचा थांबला. "चिठ्ठ्या तुमच्याच सहीच्या होत्या हो."

तपासणी साधी होती. तलावाचं पाणी आणि औषध समसमान घेऊन हलवायचं. मिश्रण पांढरं होतं. तळाला काळा टिपका असलेल्या नळीत ते हळूहळू ओतायचं, आणि टिपका दिसेनासा झाला की थांबायचं. तो पदार्थ जितका जास्त, तितका टिपका लवकर जातो. नळीवरचे आकडे तळाशी मोठे असतात आणि वर जाताना लहान होत जातात. याला रंग ओळखावा लागत नव्हता. तुरटीने ओतायला सुरुवात केली आणि तळ जेमतेम झाकला तोच टिपका दिसेनासा झाला. आकडा एकशेसाठ. चाळीसच्या आसपास असता तर चाललं असतं.

मासा पाळीवर आला तेव्हा तुरटी पंपावर हात ठेवून उभा होता. पंप गरम होता.

"दुपारी तू कुठे असतोस?"

माशाने नळी पाहिली, डबी पाहिली. खोटं बोलायचं का हे त्याच्या तोंडावर एकदा येऊन गेलं. मग तो पायरीवर बसला.

"टेकडीवरच्या बंगल्यांत चार तलाव आहेत, भावोजी. छोटे. दोन ते पाच जातो तिकडे. तिथे सगळे गोळ्याच वापरतात. मला वाटलं, तिथे चालतं तर इथे का नाही. डबा दुपारी सोडायचो, रात्री काढून ठेवायचो."

"मी सांगितलं होतं का नाही ते."

"सांगितलं होतं. पण तुम्ही सांगता त्यातलं निम्मं दोनदा असतं, माणूस ऐकणं सोडून देतो." त्याने हसायचा प्रयत्न केला. तुरटी हसला नाही. "चुकलं. झालं चुकून."

"चुकून एकदा होतं. सहा महिने होत नाही."

"मग काय करू, सांगा. पाया पडू?"

"शनिवारी बैठकीत उभा राहा आणि हे जसं मला सांगितलंस तसं सांग. नोकरी जाणार नाही, मी बघतो. पाणी का बिघडलं ते कळलं की मला ते सुधारता येतं. तेवढं सांग."

 माशाने उठून भावोजींच्या खांद्यावर हात ठेवला. तेरा वर्षांचा असताना जिना उतरताना ठेवायचा तसा. "सांगतो. मीच सांगतो. तुम्ही तोंड उघडू नका, उगाच तुमच्यावर येईल."

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने मधे एकही प्रश्न विचारला नाही, आणि हेच त्याला नंतर आठवलं. शेवटी ती म्हणाली, "त्याला काढतील."

"नाही काढणार. मी शब्द टाकीन."

"तुमच्या शब्दाला आता किती वजन राहिलंय? तुमची चार वर्षं उरलीत. त्याची पंचवीस."

"मग? मी खोटं सांगू?"

"मी तसं म्हटलं का?" ती म्हणाली, आणि दिवा लावायला उठली. खोलीत अजून उजेड होता.

शनिवारी संध्याकाळी समितीच्या खोलीत सात माणसं लांब टेबलाभोवती बसली होती. भिंतीवर जुन्या स्पर्धांचे फोटो होते, त्यांत पाणी काळंपांढरं आणि स्वच्छ. मासा दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. तुरटीने पिशवीत नळी, औषध आणि तलावाच्या पाण्याची बाटली आणली होती, मासा बोलला की दाखवायला.

चिटणिसांनी चष्मा लावला. "सुरुवातीला एक पत्र वाचतो. दुपारच्या पाळीचे आपले कर्मचारी, त्यांनी काल दिलंय."

तुरटीने माशाकडे पाहिलं. बोलायला लाजला असेल, लिहून दिलं. हरकत नाही. लिहिलेलं पक्कं असतं.

पत्र छोटं होतं. सकाळच्या पाळीच्या कर्मचाऱ्यांना गेल्या हिवाळ्यापासून रंग नीट ओळखता येत नाहीत. गुलाबी त्यांना पिवळट दिसतो. त्यांनी ही गोष्ट संस्थेपासून लपवली. डॉक्टरांकडे गेले नाहीत, कारण कागद येईल अशी भीती होती. नोंदवहीतले सकाळचे आकडे तपासणी न करता लिहिलेले आहेत. नात्यामुळे मी आजवर गप्प राहिलो, त्याबद्दल क्षमा असावी.

गुलाबी पिवळट दिसतो. हे वाक्य त्याने आयुष्यात एकदाच उच्चारलं होतं, पलंगाच्या कडेला बसून.

"जरा बघू," तो म्हणाला. चिटणिसांनी कागद पुढे सरकवला. तुरटीला अक्षर वाचायला कागद लांब धरावा लागला, पण ओळखायला नाही. 'क्ष'चं शेपूट खाली ओढून डावीकडे वळवलेलं. पस्तीस वर्षं वाण्याच्या याद्यांवर, औषधांच्या बाटल्यांवर, त्याच्या डब्यावरच्या नावावर ते अक्षर त्याने पाहिलं होतं. खाली सही माशाची. वरचं सगळं तिचं.

म्हणजे माशाला पहिल्यापासून ठाऊक होतं. काचेसारखं म्हणत होता तेव्हाही.

"यातलं खरं किती?" चिटणिसांनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"जे लिहिलंय ते सगळं खरं आहे," तुरटी म्हणाला. "जे लिहिलं नाही, त्याने पाणी बिघडलंय."

त्याने पिशवी उघडली. टेबलावर, सात जणांसमोर, पाणी आणि औषध मिसळलं आणि नळी चिटणिसांच्या हातात दिली. "याला रंग नाही. तुमच्याच डोळ्यांनी बघा. मी ओततो, टिपका गेला की थांबवा."

"थांबा," चिटणीस जवळजवळ लगेच म्हणाले.

"आकडा वाचा."

"एकशेसाठ."

मग त्याने सांगितलं. गोळ्या, पांघरूण, नळीत दिसणारं आणि पाण्यात न चालणारं क्लोरीन. इतकं सलग तो कधी बोलला नव्हता. समजत होतं सगळ्यांना. टेबलाच्या टोकाला बसलेला एक जण, तोच जाडा वकील, मान हलवत होता.

"म्हणजे महिनोन्महिने गोळ्या पडल्या," वकील म्हणाला. "दुकानात विचारलंत?"

"विचारलं."

"चिठ्ठ्या कोणाच्या सहीच्या?"

तुरटी थांबला. "माझ्या. पण सह्या मी कोऱ्या चिठ्ठ्यांवर—"

"एक मिनिट. मला नीट समजू दे." वकिलाला राग नव्हता. तो नुसता जोडत होता, चिंधीला तागा जोडावा तसा. "ज्याला रंग दिसतो त्याला दर दोन तासांनी तपासायला काय अडचण? ज्याला दिसत नाही, तोच तपासावी न लागणारी वस्तू शोधेल. गोळी टाकली की आठवडा निभावला. बरोबर ना?"

 युक्तिवाद इतका सरळ होता की तुरटीलाही क्षणभर पटला. त्याने दाराकडे पाहिलं. आता माशाने उठायचं होतं. आता, पत्र झालं, ताई झाली, भीती झाली, सगळं समजण्यासारखं होतं. पण आता एक वाक्य बोलायची वेळ होती. मासा आपल्या पंजांकडे बघत होता. त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. खुर्चीचा आवाज झाला आणि सगळ्यांनी तिकडे पाहिलं. तो म्हणाला, "सॉरी. खुर्ची."

चिटणिसांनी शेवटी विचारलं, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

मेहुण्याचं नाव घ्यायला एक श्वास पुरला असता. पण ते आता त्याने घेतलं असतं तर ते बुडणाऱ्याने दुसऱ्याचा पाय धरल्यासारखं दिसलं असतं. ते तसं दिसावं अशीच सगळी मांडणी झाली होती, कुणी मुद्दाम न करता.

"नाही," तो म्हणाला.

सोमवारपासून त्याने यायचं नाही असं ठरलं. चिटणिसांनी दारापर्यंत येऊन डोळ्यांच्या चांगल्या डॉक्टरचा पत्ता दिला. किल्ल्या माशाकडे गेल्या. कंपनीला बोलवायचं पुढे ढकललं, घरचाच माणूस आहे म्हणून.

घरी बायकोने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. त्याने तो घेतला नाही. बुटाच्या नाड्या सोडता सोडता तो म्हणाला, "दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घ्यायचं. अक्षर कळणार नाही एवढं तरी बघायचं."

ती भिंतीला टेकून उभी होती. "मला लपवायचं नव्हतं तुमच्यापासून."

"बरं."

"तो रडत आला होता. मी काय करायला हवं होतं, सांगा."

त्याने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. हा प्रश्न तिने दोन दिवस आधी विचारला असता तर त्याने उत्तर दिलं असतं.

मंगळवारी दुपारी मासा आला. दुपारची पाळी आता कुणाचीच नव्हती, तलाव बंदच होता. तो आत आला नाही, उंबऱ्यावर उभा राहिला. तुरटी खिडकीशी बसला होता.

"भावोजी, पाणी किती सोडू?"

तुरटीने त्याच्याकडे पाहिलं. प्रश्न साधा होता आणि चुकीचं उत्तर त्याहून साधं. पाव सोड, असं म्हटलं असतं तर महिन्याभरात पाणी पुन्हा दुधाळलं असतं, आणि या वेळी कारण दाखवायला आंधळा म्हातारा हाताशी नसता. ते दोन शब्द त्याच्या तोंडात तयार होते, चव घेता येईल इतके. मग त्याला ते पाणी दिसलं, आणि त्यात उभी असलेली शिकवणारी बाई, आपले पाय शोधणारी.

"चार भागांतले तीन," तो म्हणाला. "एक भाग ठेव. मग ताजं भर, आणि गोळीला हात लावू नकोस."

"तीन भाग? सगळा रिकामाच झाला की तलाव."

"एकशेसाठचे चाळीस करायचेत. तीनच लागतील."

मासा हलला नाही. त्याने नखाने चौकटीचा रंग खरवडला. "नक्की ना, भावोजी?"

आठ वर्षांत हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. आतून बायको बाहेर आली, हात पुसत. ती माशाच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिनेही नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, नीट सांगा त्याला. पाणी वाया गेलं तर त्याच्यावर येईल."

दोघं उंबऱ्यावर उभे होते, एकाच चेहरेपट्टीचे, आणि त्याने उलट डाव टाकलाय का हे त्याच्या तोंडावर वाचायचा प्रयत्न करत होते.

"चार भागांतले तीन," तुरटी पुन्हा म्हणाला.

मासा बरं म्हणून निघाला. जिना उतरताना त्याने फोन लावला. जिन्यात आवाज घुमायचा, वरच्या खोलीत सगळं ऐकू यायचं.

"हां, पंप लाव," तो कुणाला तरी सांगत होता. "अर्धंच सोड. हो, निम्मं. त्यांनी जास्त सांगितलंय, पण काही सांगता येत नाही. अर्ध्यावर थांबव."

बायको दाराशीच होती. तिने मागे वळून पाहिलं.

"अर्धंच सोडतोय तो."

"ऐकलं."

"अर्ध्याने होईल?"

"नाही."

"मग हाक मारा की. अजून जिन्यातच आहे."

खाली मधल्या वळणावर पावलं वाजत होती. तुरटीने खिडकीतून हात बाहेर काढून ऊन किती आहे ते पाहिलं. क्लोरीन उडून जाईल एवढं होतं.

"दोनदा सांगितलं," तो म्हणाला.